बुरशीचा बायोमास हवा की पेनिसिलिन? फर्मेंटर लावण्याआधीचे आणि नंतरचे टप्पे

फर्मेंटरमध्ये, म्हणजे बुरशी वाढवायच्या टाकीत, पेनिसिलिनची बॅच लावली, बुरशी जोमाने वाढली, टाकीतला द्रव, म्हणजे ब्रॉथ, लापशीसारखा दाट झाला. तपासायला दिला तर पेनिसिलिन नावालाच. ही तक्रार एम.एस्सी.च्या प्रोजेक्टमध्ये ऐकू येते, तशी पायलट प्लांटवरही. उलटी तक्रारही असते: खाण्यायोग्य बुरशी करायला निघालेल्या माणसाने साखर जपून दिली, वाढ रेंगाळली आणि हाती आलं ते कमी वजनाचं, बेभरवशाचं पीक. दोन्हीकडे चूक एकच. दोन वेगळी कामं एकाच पद्धतीने केली गेली.

कपाशीला युरिया जास्त झाला की झाड पाल्यावर जातं आणि बोंडं धरत नाही. पेनिसिलियमचंही तसंच. पोटभर ग्लुकोज मिळालं की ती वाढत सुटते आणि पेनिसिलिन बनवणारी यंत्रणा बंद ठेवते. बायोमास, म्हणजे बुरशीचे तंतूच, हवा असेल तर बुरशीला सतत पोटभर द्यायचं, प्रतिजैविक हवं असेल तर आधी वाढवून मग अर्धपोटी ठेवायचं. खालचे सगळे टप्पे या एका फरकातून निघतात. उदाहरणं दोन घेतली आहेत. बायोमाससाठी फ्युझेरियम व्हेनेनेटम, म्हणजे ब्रिटनमध्ये 'क्वॉर्न' नावाने विकल्या जाणाऱ्या मायकोप्रोटीनची, म्हणजे बुरशीपासूनच्या प्रथिन-खाद्याची, बुरशी. प्रतिजैविकासाठी पेनिसिलियम क्रायसोजेनम.

टप्पा १ : कागदावरचं काम

टाकीला हात लावण्याआधी चार गोष्टी लिहून काढा.

१. विकायचं काय आहे? बुरशीचे तंतूच विकायचे असतील तर टाकीतला घन भाग हा माल आणि पाणी हा कचरा. पेनिसिलिनमध्ये उलट: माल पाण्यात विरघळलेला असतो आणि तंतू हा कचरा.

२. वाढीचा वेग किती ठेवायचा? फ्युझेरियम ताशी ०.१७ ते ०.२० या विशिष्ट वाढदराने चालवतात, म्हणजे वजन साधारण साडेतीन-चार तासांत दुप्पट. पेनिसिलिनच्या उत्पादन टप्प्यात हा दर ताशी ०.०१ च्या आसपास येतो, म्हणजे दुप्पट व्हायला जवळजवळ तीन दिवस. एवढा फरक असताना दोघांना एकच रेसिपी कशी चालेल?

३. प्रक्रिया कोणती? बायोमासला सतत प्रक्रिया परवडते: एका बाजूने माध्यम आत, दुसऱ्या बाजूने तेवढाच ब्रॉथ बाहेर. पेनिसिलिनला फेड-बॅच: टाकी एकदा भरायची, मग थेंबाथेंबाने खाद्य देत पाच ते आठ दिवस चालवायची.

४. परवानग्या. बुरशीचं नवं खाद्य असेल तर एफएसएसएआय या केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०१७ च्या नॉन-स्पेसिफाइड फूडविषयक (ज्याचं मानक ठरलेलं नाही अशा खाद्याच्या) नियमांखाली आधी मंजुरी लागते. पेनिसिलिन हे औषध, त्यामुळे औषध परवाना तर लागतोच. शिवाय औषध नियमांतल्या शेड्यूल एमनुसार पेनिसिलिनसाठी इमारत आणि हवा दोन्ही वेगळी ठेवावी लागतात.

सावधान: एकाच शेडमध्ये एका टाकीत खाण्याची बुरशी आणि शेजारच्या टाकीत पेनिसिलिन, असा बेत कुणी 'जागा वाचते' म्हणून मांडला तर तिथेच थांबवा. पेनिसिलिनची ॲलर्जी असलेल्या माणसाला त्याची धूळसुद्धा जिवावर बेतू शकते.

टप्पा २ : कल्चर आणि त्याची बँक

कल्चर, म्हणजे बुरशीचं मूळ बियाणं, ओळखीच्या प्रयोगशाळेतून स्लँटवर (तिरप्या अगारच्या नळीत) उसनं आणू नका. पुण्यात एनसीएल या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतलं एनसीआयएम आणि चंडीगडचं एमटीसीसी, असे अधिकृत संग्रह आहेत. तिथून आलेली पहिली व्हायल (छोटी बाटली) उघडली की तिच्यापासून एक मास्टर बँक (जपून ठेवायचा मूळ साठा) करा आणि मास्टरमधून वर्किंग बँक. रोजच्या कामाला वर्किंग बँकेतलीच व्हायल घ्यायची, मास्टरला हात लावायचा नाही.

हा सगळा आटापिटा पेनिसिलियमसाठी फार महत्त्वाचा. जास्त उत्पादन देणाऱ्या स्ट्रेनमध्ये, म्हणजे वाणात, पेनिसिलिन बनवणाऱ्या जनुकांच्या अनेक प्रती एकापुढे एक लागलेल्या असतात. स्लँटवरून स्लँटवर उतरवत गेलात की त्यातल्या काही गळतात. प्रती गळालेल्या पेशींवर पेनिसिलिन बनवण्याचा भार नसतो, म्हणून त्या जोमाने वाढतात आणि प्लेटवर छान दिसतात. नेमकी तीच 'छान' कॉलनी आपण पुढच्या स्लँटसाठी उचलतो. अशी निवड काही पिढ्या चालली की दिसायला निरोगी, कामाला शून्य असं कल्चर हातात उरतं.

फ्युझेरियमबाबत प्रश्न वेगळा आहे. या वंशाच्या अनेक बुरश्या ट्रायकोथेसीन गटातली विषं बनवतात. खाण्यासाठी ए३/५ हा एकच तपासलेला स्ट्रेन इतकी वर्षं वापरला जातो, तो याच कारणाने. शेतातून, कुजक्या कणसावरून वेगळी केलेली फ्युझेरियम 'तीच जात आहे' म्हणून खाण्यासाठी वाढवणं हा शुद्ध वेडेपणा आहे.

तपासा: वर्किंग बँकेतल्या एका व्हायलीवरून फ्लास्क लावा. पेनिसिलियम असेल तर पेनिसिलिन मोजा आणि पहिल्या दिवशीच्या आकड्याशी ताडून पाहा. नुसती वाढ पाहून बँक पास करू नका.

टप्पा ३ : माध्यम आणि निर्जंतुकीकरण

बायोमासचं माध्यम साधं आणि स्वच्छ असतं: ग्लुकोज, अमोनिया, फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम, सूक्ष्म धातू आणि थोडं बायोटिन. माल खाण्यासाठी आहे, त्यामुळे माध्यमातला प्रत्येक रंग, वास आणि धातू मालात उतरतो. आपल्याकडे मळी स्वस्त आणि मुबलक, म्हणून अनेकांचा हात आधी तिकडे जातो. मळीचा रंग तंतूंना चिकटतो आणि तिच्यातले क्षार हंगामागणिक बदलतात. शिवाय तिच्यातली साखर बरीचशी सुक्रोज असते. तुमच्या स्ट्रेनला ती फोडता येते का, हे आधी फ्लास्कमध्ये पाहा. मळीवर पहिली बॅच लावू नये असं माझं मत.

पेनिसिलिनच्या माध्यमात कॉर्न स्टीप लिकर चालतं. मक्यापासून स्टार्च काढताना मका भिजवलेलं पाणी आटवून ते बनतं. त्यात अमिनो आम्लं, जीवनसत्त्वं, खनिजं सगळं असतं आणि बुरशी त्यावर झपाट्याने उभी राहते. पण ते शेतमालच आहे. दोन लॉट सारखे नसतात. नवा लॉट आला की फ्लास्कमध्ये जुन्याशी तुलना केल्याशिवाय टाकीत घालू नका.

निर्जंतुकीकरणाचा क्रम:

१. साखर वेगळी, नायट्रोजनची द्रव्यं वेगळी. एकत्र तापवलीत की ती एकमेकांशी जुळून तपकिरी होतात. साखरही जाते, अमिनो आम्लंही जातात आणि त्यातून होणारी काही द्रव्यं वाढ मारतात.

२. फॉस्फेट आणि कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार शक्यतो वेगळे. एकत्र तापवले तर तळाशी पांढरा साका बसतो आणि बुरशीला ते मिळत नाहीत.

३. थेट वाफ सोडत असाल तर वाफेचं पाणी माध्यमात मिसळतं. ते किती वाढतं हे तुमच्या टाकीवर एकदा साध्या पाण्याने मोजून ठेवा आणि माध्यम तेवढ्या कमी पाण्यात बनवा.

४. १२१ अंश सेल्सिअसला २० ते ३० मिनिटं. घड्याळ तापमान गाठल्यावर सुरू करायचं, वाफ सोडल्यावर नाही.

५. याच वेळात सँपलिंग वॉल्व्ह, फीड लाइन, हार्वेस्ट वॉल्व्ह यांतूनही वाफ जायला हवी. संसर्ग बहुतेक वेळा टाकीच्या पोटातून येत नाही, अशाच एखाद्या कोपऱ्यातल्या थंड राहिलेल्या पाइपातून येतो.

सावधान: थंड करताना आतली वाफ पाणी होते आणि टाकीत पोकळी तयार होते. तापमान १०० अंशांच्या खाली जाण्याआधी फिल्टरमधून निर्जंतुक हवा सुरू झालीच पाहिजे. विसरलात तर बाहेरची घाण आत ओढली जाते. मोठी टाकी असेल तर आत चेपलीही जाते.

तपासा: माध्यम भरलेली टाकी, बुरशी न घालता, हवा-ढवळणी सुरू ठेवून एक दिवस तशीच चालवा. गढूळ झाली तर दोष बुरशीत नाही, टाकीत आहे. नवीन सेट-अपवर हा एक दिवस वाया गेला असं वाटतं; पुढे तोच आठवडा वाचवतो.

टप्पा ४ : विरजण, म्हणजे इनॉक्युलम

स्लँट, मग फ्लास्क, मग सीड टँक, मग मुख्य टाकी. प्रत्येक पायरीवर आकारमानाच्या ५ ते १० टक्के. इथे घाई करणारे फ्लास्कमधून थेट मोठ्या टाकीत उडी मारतात आणि मग दोन दिवस काहीच वाढत नाही म्हणून हैराण होतात. तेवढ्या वेळात एखादा बॅक्टेरिया आत असेल तर तो टाकी ताब्यात घेतो.

पेनिसिलियममध्ये सुरुवातीचे बीजाणू मोजूनच घाला. मिलिलिटरला एक ते दहा लाख बीजाणू असतील तर तंतू सुटे, विखुरलेले वाढतात. फार कमी घातलेत तर बुरशी गोळ्यांच्या रूपात वाढते. लहान, मऊ गोळ्या चालतात. त्यांनी ब्रॉथ पातळ राहतो आणि हवा मिसळायला सोपं जातं. पण मोठ्या, घट्ट गोळ्यांमध्ये ऑक्सिजन वरच्या थरापलीकडे जात नाही, आतला भाग गुदमरून मरतो. गोळी मधोमध कापून भिंगाखाली पाहा. आत पोकळी किंवा तपकिरी गाभा दिसला तर ते वजन तुमच्या हिशेबात धरूच नका.

मायकोप्रोटीनला लांब, कमी फाटे फुटलेले तंतूच हवेत, कारण मांसासारखा चिवट पोत त्यांच्यामुळे येतो. तिथे गोळी हा सरळ दोष.

सीड हलवायचं कधी? ते वेगाने वाढत असताना. सीड टँकमधली साखर संपून पीएच वर चढायला लागला की ते सीड म्हातारं झालं. असं सीड वापरलं तर वाढ उशिरा सुरू होते.

टप्पा ५ : हवा

एक हिशेब करून पाहा, म्हणजे या टप्प्याचं गांभीर्य कळेल. बायोमास लिटरला १२ ग्रॅम आहे आणि तो ताशी ०.१८ दराने वाढतो आहे. म्हणजे दर लिटरला तासाला सुमारे २.२ ग्रॅम नवे तंतू. त्यासाठी तासाला साधारण दीड ते पावणेदोन ग्रॅम ऑक्सिजन लागतो. तीस अंशांच्या आसपास हवेने तृप्त पाण्यात ऑक्सिजन असतो लिटरला जेमतेम साडेसात मिलिग्रॅम. साठा पंधरा-वीस सेकंदांचा. कॉम्प्रेसर बंद पडला तर चहा प्यायला जाण्याइतकाही वेळ नाही.

म्हणूनच क्वॉर्नची टाकी सुमारे ५० मीटर उंच आणि १५० घनमीटरची एअरलिफ्ट आहे. उंच पाण्याच्या स्तंभाखाली दाब जास्त, म्हणून ऑक्सिजन जास्त विरघळतो. हवेच्या बुडबुड्यांनीच द्रव एका नळीतून वर चढतो आणि दुसरीतून उतरतो. फिरतं पातं नसल्याने तंतू तुटत नाहीत. पेनिसिलिनच्या टाकीत मात्र दणकट पाती लागतात, कारण उत्पादन टप्प्यातला ब्रॉथ इतका दाट असतो की नुसत्या हवेने हलत नाही.

पेनिसिलिनला डीओ (विरघळलेला ऑक्सिजन) ३० टक्के तृप्ततेच्या खाली जाऊ देऊ नका. पेनिसिलिनचं वलय जोडणाऱ्या एन्झाइमला थेट ऑक्सिजनच लागतो, त्यामुळे वाढ अजून ठीक दिसत असतानाच उत्पादन पडतं. खालच्या पातळीला फार वेळ राहिलात तर नंतर हवा वाढवूनही ते पूर्ण भरून येत नाही.

सावधान: दाट ब्रॉथमध्ये डीओचा प्रोब पात्याजवळ असेल तर तो गोड आकडा दाखवतो. भिंतीलगत, कूलिंग कॉइलच्या मागे द्रव हलतच नसेल. वरून टॉर्च मारून पाहा. पृष्ठभाग कडेलाही फिरतोय ना?

फेस आला की अँटिफोम थेंबाने द्या. एकदम ओतलं तर बुडबुडे एकत्र होऊन मोठे होतात आणि डीओ दहा मिनिटांत कोसळतो. पेनिसिलिनमध्ये जादा अँटिफोम पुढे सॉल्व्हंटने (विरघळवणाऱ्या द्रवाने) माल काढतानाही छळतं.

टप्पा ६ (अ) : बायोमासची टाकी चालवणं

तापमान २८ ते ३० अंश, पीएच ६ च्या आसपास. पीएच अमोनियाने सांभाळायचा. बुरशी अमोनिया उचलते, पीएच उतरतो, कंट्रोलर तेवढा अमोनिया सोडतो; म्हणजे नायट्रोजनही आपोआप पुरवला जातो. अमोनियाच्या सिलिंडरचं वजन उतरण्याचा वेग हा वाढीचा वेग सांगणारा स्वस्त आणि विश्वासू आकडा आहे.

१. आधी बॅच म्हणून वाढवा. साखर संपायच्या आत सतत फीड सुरू करा.

२. प्रवाह हळूहळू वाढवत न्या. पाच लिटरच्या टाकीत ताशी ०.१८ म्हणजे तासाला ०.९ लिटर, दिवसाला साडेएकवीस लिटर निर्जंतुक माध्यम. एवढं माध्यम रोज बनवायची सोय आहे का, हे टाकी लावण्याआधी पाहा. बहुतेकांची सतत प्रक्रिया बुरशीमुळे बंद पडत नाही, ऑटोक्लेव्ह पुरत नाही म्हणून बंद पडते.

३. बुरशीच्या कमाल वाढदराच्या फार जवळ जाऊ नका. प्रवाह त्याच्यापुढे गेला की तंतू बनतात त्याहून जास्त वाहून जातात आणि टाकी धुऊन निघते.

४. बाहेर येणाऱ्या ब्रॉथमध्ये थोडी साखर उरलेली दिसली पाहिजे. लिटरला ३० ग्रॅम ग्लुकोज आत गेलं आणि १२ ग्रॅम तंतू बनले तर साधारण २४ ग्रॅम खर्च, सहा उरली. हे नुकसान जाणूनबुजून सोसायचं असतं. उपासमार आणि ताण म्हणजे दुय्यम द्रव्यांना, म्हणजे वाढीसाठी न लागणाऱ्या द्रव्यांना, आमंत्रण. पेनिसिलियममध्ये आपल्याला तेच हवं असतं, पण फ्युझेरियममध्ये दुय्यम द्रव्य म्हणजे विष असू शकतं. मालातल्या मायकोटॉक्सिनची (बुरशीच्या विषाची) चाचणी त्यामुळे ठरावीक तासांनी झालीच पाहिजे, बॅचच्या शेवटी एकदाच नाही.

५. थांबायचं कधी हे आधीच ठरवा. सतत प्रक्रियेत सुमारे हजार तासांनंतर, म्हणजे सहाएक आठवड्यांनी, आखूड आणि भरपूर फाटे फुटलेले उत्परिवर्ती तंतू वरचढ होतात. प्लेटवर ते लहान, घट्ट कॉलनी करतात. वजन तेवढंच मिळतं, पण पोत जातो. भरड पिठासारखा माल निघतो.

नवख्याने पहिल्यांदा सतत प्रक्रिया लावूच नये. चार-पाच बॅच नीट आल्या, संसर्गाविना आल्या, की मगच.

टप्पा ६ (आ) : पेनिसिलिनची टाकी चालवणं

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून जरा थांबून वाचा.

तापमान २५ ते २६ अंश, पीएच ६.५ च्या आसपास. पहिले सुमारे ४० तास वाढीचे. या काळात बुरशी भरभरून वाढू द्या. लिटरला साधारण ३० ग्रॅम तंतू तयार झाले आणि पहिली साखर संपली, की फीड सुरू होतो.

फीड किती? दहा लिटरची टाकी, लिटरला ३० ग्रॅम, म्हणजे ३०० ग्रॅम तंतू. नुसतं जिवंत राहायला दर ग्रॅम तंतूला तासाला सुमारे ०.०२ ग्रॅम ग्लुकोज लागतं असं धरू: ६ ग्रॅम. ताशी ०.०१ दराने हळू वाढ ठेवायची तर तासाला ३ ग्रॅम नवे तंतू, त्यासाठी सुमारे साडेसहा ग्रॅम. पेनिसिलिन बनवायला दीड-दोन ग्रॅम. एकूण तासाला चौदा-पंधरा ग्रॅम. लिटरला ५०० ग्रॅमचा ग्लुकोज सिरप असेल तर तासाला सुमारे ३० मिलिलिटर. हे आकडे तुमच्या स्ट्रेनवर बदलतील, पण हिशेबाची रीत हीच.

आता रात्रपाळीत नेहमी घडणारा प्रसंग घ्या. ऑपरेटर नमुना काढतो, ग्लुकोजची पट्टी बुडवतो, पट्टी शून्य दाखवते. त्याला वाटतं बुरशी उपाशी मरते आहे, म्हणून तो पंप दुप्पट करतो. जादाचे पंधरा ग्रॅम जवळपास सगळे वाढीत जातात. चोवीस तासांत बायोमास लिटरला चाळिशी ओलांडतो, ब्रॉथ घट्ट होतो, डीओ घसरतो आणि पेनिसिलिनची चढण सपाट होते. सकाळी येऊन पाहणारा म्हणतो, 'वा, वाढ मस्त आहे.' उत्पादन टप्प्यात साखर शून्याजवळ दिसणं हेच बरोबर आहे. पट्टीकडे बघून पंप वाढवू नये, असं टाकीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा.

मग खरोखर उपासमार झाली हे कशावरून ओळखायचं? पीएच आपोआप चढायला लागतो, बाहेर जाणाऱ्या हवेतला कार्बन डायऑक्साइड उतरतो आणि डीओ वर उडी मारतो. तिन्ही एकत्र दिसली तर आधी फीडचा पंप आणि नळी तपासा. बहुधा सिरप कुठेतरी साचून अडकलेला असतो.

पुढची गोष्ट फिनाइल ॲसेटिक ॲसिड. पेनिसिलिन जी ची बाजूची साखळी यातूनच येते. ते दिलं नाही तर वेगवेगळ्या पेनिसिलिनांची खिचडी मिळते. पेनिसिलिन व्ही हवं असेल तर त्याऐवजी फिनॉक्सी ॲसेटिक ॲसिड. रेणूंच्या वजनाच्या हिशेबाने एक ग्रॅम पेनिसिलिन जी ला किमान ०.४१ ग्रॅम फिनाइल ॲसेटिक ॲसिड लागतं. पण ते एकदम ओतलं तर बुरशीलाच विष होतं. त्यातून पीएच खाली घसरलेला असेल तर ते आणखी सहज पेशीत शिरतं. म्हणून सतत, थोडं थोडं, आणि ब्रॉथमधली पातळी एचपीएलसीवर (द्रव्यं वेगळी करून मोजणाऱ्या यंत्रावर) पाहत द्या. अमोनियम सल्फेटचा फीडही असाच: नायट्रोजन संपला तर उत्पादन थांबतं आणि तंतू गळायला लागतात.

टप्पा ७ : रोजच्या तपासण्या, आणि त्यातले फसवे आकडे

ओडीवर (ब्रॉथच्या गढूळपणाच्या मापावर) विसंबू नका. तंतूंच्या ब्रॉथमध्ये ओडी म्हणजे अंदाजपंचे. ठरलेल्या आकारमानाचा ब्रॉथ आधी वजन केलेल्या फिल्टरवर गाळा, पाण्याने धुवा, १०५ अंशांवर वजन स्थिर होईपर्यंत वाळवा. शिफ्टमध्ये पटकन अंदाज हवा असेल तर दहा मिलिलिटर ब्रॉथ सेंट्रिफ्यूज करून साका किती बसतो ते पाहा. कॉर्न स्टीप लिकर किंवा कॅल्शियम कार्बोनेट असलेल्या माध्यमात सुरुवातीच्या वजनात त्यांचीही भर असते. ती वजा करा.

प्रत्येक नमुना सूक्ष्मदर्शकाखाली. ताजे तंतू भरलेले, एकसारखे दिसतात. पोकळ, कणीदार, तुटके तंतू वाढू लागले की कल्चर म्हातारं होतंय.

संसर्गाची तपासणी पेनिसिलिनच्या टाकीत हमखास चुकते. ब्रॉथचा थेंब न्यूट्रिएंट अगारवर पसरला, काही उगवलं नाही, म्हणून 'स्वच्छ' असा शेरा मारला जातो. उगवणार कसं? थेंबातच पेनिसिलिन आहे! प्लेटमध्ये पेनिसिलिनेज घालून पेनिसिलिन आधी मोडून टाका, मग पसरा. टाकीत टिकून राहणारा बॅक्टेरिया बहुधा स्वतःच पेनिसिलिन फोडणारा असतो. तो घुसला की माल डोळ्यांदेखत उतरतो.

बायोमासच्या टाकीत संसर्ग झाला तर दुसरा विचार नाही: ती बॅच खाण्यात जाणार नाही. तापवून मारू आणि वापरू, हा हिशेब तिथे चालत नाही.

टप्पा ८ : काढणी

बायोमासची काढणी म्हणजे आरएनए कमी करणं. वेगाने वाढणाऱ्या पेशीत आरएनए भरपूर असतो, कोरड्या वजनाच्या आठ-दहा टक्क्यांपर्यंत. तो खाल्ला की शरीरात युरिक ॲसिड बनतं; गाऊटच्या, म्हणजे युरिक ॲसिडमुळे सांधे दुखणाऱ्या, रुग्णाला त्याचा त्रास. टाकीतून बाहेर आलेला ब्रॉथ झटकन ६८ अंशांच्या वर नेऊन २० ते ३० मिनिटं तिथेच ठेवायचा. वाढ थांबते, पेशीतलीच एन्झाइम आरएनए फोडतात आणि त्याचे तुकडे बाहेर पाझरतात. आरएनए दोन टक्क्यांखाली यायला हवा. त्याबरोबर जवळपास तिसरा हिस्सा वजनही जातं. उत्पन्नाचा अंदाज बांधताना हे गाळणारे खूप आहेत.

इथली ठरलेली चूक म्हणजे पाणी उकळून एकदम मारणं. उकळलंत तर आरएनए फोडणारी एन्झाइमही मरतात आणि आरएनए आतच राहतो. आधी हा टप्पा, मग ९० अंश, मग सेंट्रिफ्यूज, मग थंड. घाई केली तर रिपोर्ट आल्यावर सगळा माल परत.

पेनिसिलिनची काढणी म्हणजे वेळेशी शर्यत. बॅच कधी तोडायची हे फक्त पेनिसिलिनच्या आकड्यावर ठरवू नका. तंतू विरघळायला लागले की ब्रॉथ चिकट होतो, फिल्टर बसतो, प्रथिनं सुटतात आणि पुढे सॉल्व्हंटबरोबर फेसाळ इमल्शन होतं. रोज थोडा ब्रॉथ गाळणकागदावर ओतून किती वेळात गळतो ते लिहीत जा. तो वेळ वाढू लागला की अजून थोडं पेनिसिलिन चढत असलं तरी बॅच तोडा. शेवटच्या दिवशी मिळालेलं फिल्टरवर हरवतं.

१. ब्रॉथ ताबडतोब थंड करा, मग व्हॅक्यूम ड्रम फिल्टरवर तंतू वेगळे.

२. गाळलेला द्रव ० ते ४ अंशांवर ठेवूनच पीएच २ ते २.५ वर आणा आणि लगेच ब्युटाइल ॲसिटेट या सॉल्व्हंटमध्ये उतरवा. या पीएचला पेनिसिलिन जी सॉल्व्हंटमध्ये जातं खरं, पण त्याच पीएचला ते भराभर मोडतंही. आम्ल घालून 'जेवून येतो' म्हणणाऱ्याला परत आल्यावर काही सापडत नाही. म्हणूनच कारखान्यात हे काम वेगवान सेंट्रिफ्यूगल एक्स्ट्रॅक्टरमध्ये होतं.

३. सॉल्व्हंटमधून पीएच ७ च्या आसपासच्या पाण्यात परत. आठाच्या वर गेलात तर पुन्हा मोडतोड सुरू.

४. पोटॅशियमचं मीठ करून स्फटिक पाडा, गाळा, वाळवा. कोरड्या पावडरीजवळ मास्क आणि हवा खेचणारी सोय असल्याशिवाय कुणी उभं राहू नये.

उरलेले तंतू गाईगुरांना घालू नका, तसेच शेतातही टाकू नका. त्यात पेनिसिलिन शिल्लक असतं, आणि गोठ्यातल्या-मातीतल्या बॅक्टेरियांना त्याची सवय लावण्यात कुणाचंच भलं नाही. उष्णतेने किंवा अल्कलीने पेनिसिलिन मोडल्याची चाचणी करा, तिचा कागद बॅच रेकॉर्डला लावा आणि मगच तो गोळा विल्हेवाटीला पाठवा.